गीझरवर लिहिलेले २००० वॅट

थंडीच्या दिवसांत सकाळी सहा-साडेसहाच्या सुमारास घरोघरी पाणी तापवण्याची घाई असते आणि नेमके त्याच वेळी, एरवी वीसेक मिनिटांत तापणारे पाणी अर्धा तास झाला तरी कोमटच लागते. अशा वेळी बहुतेक जण गीझरला दोष देतात. गीझर मात्र तोच असतो आणि त्यातली कॉइलही तीच असते. उतरलेले असते ते विभवांतर, म्हणजेच रोजच्या बोलण्यातले व्होल्टेज.

गीझरच्या पट्टीवर ‘२००० वॅट’ या आकड्याशेजारी ‘२३० व्होल्ट’ असेही छापलेले असते, आणि हे दोन आकडे एकत्रच वाचायचे असतात. विभवांतराला विद्युतधारेने गुणले की शक्ती मिळते, म्हणून २००० ला २३० ने भागल्यास धारा सुमारे ८.७ अँपिअर येते. (६ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर गीझर का चालवायचा नाही, याचे उत्तर याच आकड्यात आहे.) विभवांतराला धारेने भागले की रोध, म्हणजे धारेला होणारा अडथळा मिळतो; हाच ओहमचा नियम: २३० भागिले ८.७, म्हणजे जवळपास २६.५ ओहम (रोधाचे एकक).

पुढचे सारे गणित या २६.५ ओहमवर उभे आहे. कॉइल नायक्रोम या मिश्रधातूची असते आणि तापल्यावरही तिचा रोध फारसा बदलत नाही. त्यामुळे व्होल्टेज १९० वर उतरले की धाराही उतरते. १९० भागिले २६.५ म्हणजे सुमारे ७.२ अँपिअर. आता १९० ला ७.२ ने गुणा: शक्ती साधारण १३६५ वॅट भरते. व्होल्टेज जेमतेम १७ टक्क्यांनी कमी झाले, पण शक्ती मात्र ३२ टक्क्यांनी घटली, कारण गुणाकारातले दोन्ही आकडे एकदमच खाली आले. शक्ती विभवांतराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, हे पाठ्यपुस्तकातले वाक्य मला तरी या उदाहरणानेच नीट उमगते. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंश सेल्सिअसपर्यंत नेण्यास २००० वॅटवर सुमारे २१ मिनिटे लागतात, तर १३६५ वॅटवर ३१ मिनिटे. वीज मात्र दोन्ही वेळा जवळपास सारखीच, ०.७ युनिट लागते.

मधले ४० व्होल्ट जातात कुठे? ते तारांमध्येच खर्च होतात, आणि त्यांचा हिशेबही याच नियमाने लागतो. खांबापासून घरापर्यंत जाणाऱ्या-येणाऱ्या तारांचा मिळून रोध अवघा १ ओहम असला, तरी आपल्या एका गीझरच्या धारेने तिथे सुमारे ८ व्होल्ट घटतात. सामाईक तारेतून तर सगळ्या वस्तीच्या धारा एकत्र वाहत असतात. म्हणूनच लाइनच्या टोकाला असलेल्या घराला सर्वांत कमी व्होल्टेज मिळते.

हा नियम ज्यांच्या नावाने ओळखला जातो, त्या गेऑर्ग ओहम यांनाही घसरत्या विभवांतराने बरेच छळले होते. जर्मनीतील कोलोन येथे शिक्षक असताना त्यांनी सुरुवातीचे प्रयोग रासायनिक विद्युतघटांवर केले. पण घटाचे विभवांतर वापरता वापरता उतरत जाई आणि मोजमापे जुळत नसत. १८२६ मध्ये त्यांनी घट बाजूला ठेवला आणि बिस्मथ व तांब्याच्या जोडाचे एक टोक उकळत्या पाण्यात, तर दुसरे बर्फात ठेवून स्थिर विभवांतर मिळवले. मग वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडून त्यांनी धारा मोजली, आणि १८२७ मध्ये सारा सिद्धांत ग्रंथरूपाने मांडला. मला या कथेतला बर्फ आणि उकळते पाणी फार मोलाचे वाटते, कारण एक राशी स्थिर धरता आली तेव्हाच बाकीच्या दोहोंचे नाते उघड झाले.

मात्र रोध नेहमीच स्थिर असतो, असे समजू नये. गीझर बंद करून, त्याचा प्लग काढून मेकॅनिक कॉइलच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावतो, तेव्हा २६ ओहमच्या आसपास आकडा दिसला तर कॉइल शाबूत असते. हेच मीटर जुन्या पद्धतीच्या १०० वॅटच्या पिवळ्या बल्बला लावले, तर हिशेबाने ५२९ ओहम यायला हवेत. प्रत्यक्षात मीटर चाळीसच्याही खाली थांबते. मीटर बिघडलेले नसते. बल्बमधली टंगस्टनची तार पेटल्यावर अडीच हजार अंशांच्या आसपास तापते आणि तिचा रोध थंड असतानाच्या रोधाच्या चौदापट वगैरे होतो. म्हणूनच बटण दाबताच क्षणभर कित्येक पट धारा धावते आणि असे बल्ब बहुधा लावतानाच उडत. पंपाच्या मोटारीची तऱ्हा तर याहूनही निराळी. तिथे व्होल्टेज उतरले की पंपाचा भार ओढण्यासाठी मोटार जास्त धारा घेते, वाइंडिंग तापते आणि जळते. शिवाय तिची शक्ती काढताना नुसता गुणाकार पुरत नाही, पॉवर फॅक्टरही, म्हणजे प्रत्यक्ष कामी येणाऱ्या शक्तीचे प्रमाणही धरावे लागते.

परत गीझरकडे येऊ. त्याचा प्लग कधी काढून पाहिला, तर एखादी पिन काळवंडलेली आणि भोवतालचे प्लॅस्टिक पिवळे पडलेले दिसते. सॉकेटमधली पकड सैल झाल्याने तिथे समजा अर्ध्या ओहमचा रोध तयार झाला. धारा ८.५ अँपिअर, तिचा वर्ग सुमारे ७२, त्याच्या निम्मे ३६ वॅट. पाणी तापण्यात यामुळे काहीच फरक जाणवत नाही, पण बारीक कामाचे सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचे असते, आणि इथे त्याहून अधिक उष्णता रोज सकाळी त्या एका पिनेच्या टोकाशी साठत असते.