भोंगा, घड्याळ आणि लेखकाचे टेबल

कानाला हेडफोन, पडद्यावर पंचवीस मिनिटांचा टायमर आणि मागे शब्दांविना चाललेले संथ संगीत. लिहायला बसणाऱ्या कित्येकांची आज हीच मांडामांड असते. गंमत अशी, की यातले फारच थोडे लेखकासाठी म्हणून जन्मले. बहुतेक साधनांचे पहिले गिऱ्हाईक कारखाना नाहीतर कचेरी. लेखकांनी ती मागाहून उचलली, आणि संगीत तर जुने वैर विसरून उचलले.

ते वैर खरोखरचे होते. इतिहासकार थॉमस कार्लाइल लंडनच्या चेल्सी भागातल्या आपल्या घरात शेजारच्या कोंबड्यांना आणि पियानोंना इतके वैतागले, की 1853-54 मध्ये त्यांनी घराच्या अगदी वर आवाज न येणारी खोली बांधून घेतली. आवाज तरीही यायचे ते येतच राहिले. दहा वर्षांनी भांडण संसदेत पोचले. रस्त्यावरच्या वाद्यवाल्यांविरुद्ध खासदार मायकेल बास यांनी मोहीम उघडली, तेव्हा कादंबरीकार डिकन्स यांनी त्यांना पाठिंब्याचे पत्र दिले आणि त्यावर कवी टेनिसन, कार्लाइल अशा अनेकांच्या सह्या होत्या. गणनयंत्राचे जनक चार्ल्स बॅबेज यांनी तर आपल्या आठवणींत या उपद्रवावर अख्खे प्रकरण खर्ची घातले. 1864 च्या कायद्याने घरमालकाला आजारपण किंवा रोजच्या कामातला व्यत्यय एवढ्या कारणावरून वादकाला हलवण्याची मुभा दिली. या तक्रारदारांना बंद दाराची कचेरी नव्हती, घर हेच त्यांचे कामाचे ठिकाण. वाद्यवाल्यांचे ठिकाण रस्ता. दोघांचेही पोट त्याच गल्लीवर होते, हे मात्र त्या पत्रांत फारसे दिसत नाही.

संगीत कामाला मदत करते हा विचार पुढे आला तो कारखान्यातून. तेच ते काम करून येणाऱ्या कंटाळ्याचा अभ्यास वायट आणि लँग्डन या ब्रिटिश संशोधकांनी केला. 1937 च्या त्यांच्या अहवालात संगीत चालू असताना कामगारांचे उत्पादन वाढल्याचे नोंदवले आहे. युद्ध सुरू झाल्यावर बीबीसीने जून 1940 पासून कारखान्यांसाठी रोज दोन वेळा अर्ध्या तासाचा कार्यक्रम लावला, तो 1967 पर्यंत चालला. गाण्यांची निवड काटेकोर असे. ताल ठळक हवा, यंत्रांच्या घरघरीवर ऐकू जायला हवा, पण इतकाही रंगतदार नको की कामगार हातातले काम सोडून ठेका धरतील.

अमेरिकेत हेच काम म्युझॅक या कंपनीने धंदा म्हणून केले. जॉर्ज स्क्वायर या लष्करी अधिकाऱ्याच्या, तारेवरून संगीत पोचवण्याच्या कल्पनेतून ती निघाली आणि 1934 मध्ये तिला हे नाव मिळाले. पंधरा मिनिटे हळूहळू चढत जाणारे संगीत, मग पंधरा मिनिटे शांतता, अशी तिची पुढे ठरलेली पद्धत. कामगाराला दिवसातल्या मरगळीच्या वेळी ढकलत ठेवायचे, एवढाच हेतू.

पण बाटल्यांना झाकणे लावणाऱ्याचा कंटाळा आणि वाक्य शोधणाऱ्याची अडचण या वेगळ्या गोष्टी आहेत. मानसशास्त्रज्ञ बॅडली आणि हिच यांनी 1974 मध्ये मांडलेल्या स्मृतीच्या प्रतिमानानुसार, शब्द मनात क्षणभर धरून ठेवण्यासाठी आपल्याकडे एक छोटी, मर्यादित जागा असते. 1980 च्या दशकात सलामे आणि बॅडली यांच्या प्रयोगांत दिसले, की लक्ष न देता कानावर पडणारे बोलणेही या जागेत घुसते, आणि गायलेली गाणी नुसत्या वाद्यसंगीतापेक्षा जास्त त्रास देतात. लिहिणारे शब्दांविना संगीत पसंत करतात त्याचे सगळ्यात पटणारे कारण मला हेच वाटते. संगीतकार ब्रायन ईनो यांनी 1978 मध्ये, ऐकले तरी चालेल आणि दुर्लक्ष केले तरी चालेल अशा संगीताचा अल्बम काढला. पुढच्याच वर्षी सोनीचा वॉकमन आला आणि संगीत मालकाच्या भिंतीवरून ऐकणाऱ्याच्या खिशात गेले.

1993 च्या ‘मोझार्ट परिणामा’चा, म्हणजे मोझार्टचे संगीत ऐकल्याने बुद्धी तल्लख होते या समजुतीचा, इथे उगाच दाखला दिला जातो. तो प्रयोग महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर, आकृत्यांची मनातल्या मनात घडी घालण्यासारख्या कोड्यांवर झाला होता आणि परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला होता. लेखनाशी त्याचा संबंध नाही.

यंत्रांची कथा थोडक्यात सांगता येते. 1874 मध्ये टाइपरायटर बाजारात आणणारी रेमिंग्टन ही बंदुका आणि शिवणयंत्रे बनवणारी कंपनी. आयबीएमने 1964 मध्ये चुंबकीय फितीवर मजकूर साठवणारे यंत्र काढले ते कचेरीतल्या पत्रव्यवहारासाठी. कादंबरीकार लेन डेटन यांच्या लंडनच्या घरात ते खिडकीची काच काढून क्रेनने चढवावे लागले. वर्डस्टार हे संगणकावर मजकूर लिहिण्याचे सॉफ्टवेअर 1978 चे. पुढे उलटा प्रवास सुरू झाला: 2006 मध्ये आलेल्या राइटरूम या लेखनाच्या सॉफ्टवेअरने संगणकावरचे सगळे झाकून काळ्या पडद्यावर फक्त अक्षरे ठेवली.

सवयींच्या इतिहासात घड्याळाचा मान इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलोप यांचा. टपाल खात्यातली नोकरी सांभाळून ते पहाटे साडेपाचला टेबलाशी बसत, घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला 250 शब्द लिहीत. वेळेवर कॉफी आणून उठवणाऱ्या नोकराला वर्षाला 5 पौंड जास्त देत. एकूण 47 कादंबऱ्या झाल्या. मृत्यूनंतर 1883 मध्ये आत्मचरित्रातून हा हिशेब बाहेर आला आणि त्यांची प्रतिष्ठा घसरली, कारण प्रतिभेने असे हजेरीपट भरणे रसिकांना रुचले नाही. फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्याने 1980 च्या दशकाच्या शेवटी टोमॅटोच्या आकाराच्या स्वयंपाकघरातल्या टायमरवर मोजून अभ्यास सुरू केला, ज्यातून पुढे पंचवीस मिनिटांचे माप ठरले, तोवर अशी लाज उरली नव्हती.

ट्रोलोप यांच्या बाजूने आकडे मांडले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइस यांनी, 1983 मध्ये. लेखन अडलेल्या 27 प्राध्यापकांचे त्यांनी तीन गट केले. एकाने अगदी निकड असल्याशिवाय लिहायचे नाही, दुसऱ्याने मनात आले तर लिहायचे, तिसऱ्याने ठरल्या वेळी लिहायचेच, नाहीतर आपल्याला अजिबात न आवडणाऱ्या संस्थेला पैसे जायचे. तिसऱ्या गटाची पाने दुसऱ्याच्या तिपटीहून जास्त भरली, आणि नव्या कल्पनाही त्याच गटाला जास्त सुचल्या. गट लहान होते आणि लेखन विद्यापीठीय होते, तेव्हा कवितेपर्यंत हा निष्कर्ष ताणता येणार नाही.