पार्श्वभूमी: वर्षभरात जाणारे खेळाडू आणि मागे राहणारे चाहते

अमेरिकेत सतरा-अठरा वर्षांचा मुलगा आपलं कॉलेज जाहीर करतो, तेव्हा त्या कॉलेजचे बास्केटबॉल चाहते दोन गोष्टी एकाच वेळी करतात: जल्लोष आणि हिशेब. किती वर्षं राहील? देशाच्या क्रमवारीत पहिल्या दहात असेल तर उत्तर बहुतेक वेळा 'एक'. विसाव्या-तिसाव्या क्रमांकाच्या पोराबद्दल मात्र कोणी छातीठोकपणे सांगत नाही, आणि जीव टांगणीला लागतो तो तिथे. जाणार हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असलेल्यावर फारसं कोणी रागावत नाही. 'कदाचित राहील' म्हणून ज्याच्याभोवती पुढच्या मोसमाचा संघ मनात मांडून ठेवला होता, तो गेला की दुखतं. या दुखण्याला निदान पन्नास वर्षांचा इतिहास आहे. त्याचं आजचं रूप मात्र २००५ सालच्या एका करारातून आलं, आणि त्या कराराच्या वाटाघाटींत कॉलेजांचा एकही प्रतिनिधी नव्हता.

जुना काळ थोडक्यात सांगतो. १९७१ पर्यंत एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, शाळा संपून चार वर्षं झाल्याशिवाय प्रवेश नव्हता. डेट्रॉइट विद्यापीठात एक मोसम गाजवून एक खेळाडू आधी प्रतिस्पर्धी लीगमध्ये गेला. तिथून एनबीएच्या सिॲटल संघाने त्याला उचललं आणि प्रकरण कोर्टात गेलं. मार्च १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा आदेश त्याच्या बाजूने आला. मग काही वर्षं हलाखीची अट होती: घरची परिस्थिती बिकट असल्याचं दाखवलं, तर लवकर येता येई. १९७६ मध्ये तीही गेली. तेव्हाही मुलं लवकर जातच होती. १९७९ मध्ये मिशिगन स्टेटला आणि १९८१ मध्ये इंडियानाला विजेतेपद मिळवून देणारे गार्ड, म्हणजे चेंडू खेळवणारे खेळाडू, दुसऱ्याच वर्षानंतर निघाले. नॉर्थ कॅरोलायनाचा सर्वांत प्रसिद्ध खेळाडू १९८४ मध्ये तिसऱ्या वर्षानंतर गेला आणि नंतर परत येऊन त्याने पदवी पुरी केली. दोन-तीन वर्षं मिळाली होती, वर करंडकही होता, त्यामुळे चाहत्यांची तक्रार नव्हती.

१९९५ मध्ये दोन गोष्टी घडल्या. एक सगळ्यांना आठवते: शाळेतून थेट आलेल्या एका उंच मुलाला मिनेसोटा संघाने ड्राफ्टमध्ये (एनबीए संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात ती निवड) पाचव्या क्रमांकावर घेतलं. असं वीस वर्षांत झालं नव्हतं. दुसरी गोष्ट फारसं कोणी बोलून दाखवत नाही, आणि माझ्या मते ती जास्त महत्त्वाची आहे. आदल्या वर्षी पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूने दहा वर्षांचा ६.८ कोटी डॉलरचा करार मिळवला होता. त्याने धास्तावलेल्या संघमालकांनी १९९५ मध्ये नवख्यांच्या पगाराला ठरीव तक्ता लावला. पहिला करार असा बांधला गेल्यावर मोठा पैसा दुसऱ्या करारात सरकला. दुसरा करार लवकर हवा असेल, तर पहिला लवकर सुरू करायला हवा. कॉलेजात काढलेलं प्रत्येक जादा वर्ष त्या दिवसापासून तोट्याचं झालं. चाहते 'पोरांना धीर नाही', 'सल्लागारांनी डोकं फिरवलं' असं म्हणत राहिले. गणित पगाराच्या तक्त्यात होतं.

चाहत्यांच्या भावनेचा पहिला मोठा स्फोट १९९९ मध्ये ड्यूकमध्ये झाला. तोवर तिथून कॉलेजात खेळायची वर्षं शिल्लक ठेवून एनबीएला कोणी गेलंच नव्हतं, आणि त्याचा तिथल्या लोकांना अभिमान होता. त्या मार्चमध्ये राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेच्या फायनलला कनेक्टिकटकडून ७७-७४ अशी हार झाली आणि पाठोपाठ तिघांनी ड्राफ्टचा रस्ता धरला. दोघे दुसऱ्या वर्षाचे होते, एक पहिल्याच. त्यांच्यातला जो पुढे पहिल्या क्रमांकावर निवडला गेला, त्याला एका माजी विद्यार्थिनीने ईमेल पाठवून विद्यापीठाशी नातं तोडल्याबद्दल सुनावलं. त्यानेही तोडीस तोड उत्तर दिलं: ज्यांच्या घरून फी भरली जाते त्यांनी मला शिकवू नये, असा त्याचा रोख होता. तो पत्रव्यवहार देशभर फिरला. पुढच्या पंचवीस वर्षांत या विषयावर जे जे बोललं गेलं, त्याचं सार त्या दोन पत्रांत होतं. पदवीला पवित्र मानणारे एका बाजूला, आणि गुडघा एकदा गेला की घरच्यांना कोण पोसणार असं विचारणारे दुसऱ्या बाजूला. वर्णाचा प्रश्नही त्यात होताच, उघडपणे फार थोडे बोलले इतकंच.

चारच वर्षांनी सिरॅक्यूजमध्ये उलट चित्र दिसलं. २००३ मध्ये पहिल्या वर्षाच्या एका फॉरवर्डने त्यांना पहिलं विजेतेपद जिंकून दिलं, कॅन्ससविरुद्ध ८१-७८, आणि तो लगेच गेला. एकाही चाहत्याने त्याला गद्दार म्हटल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. उलट पुढे सराव केंद्रालाही त्याचंच नाव लागलं. करंडक आणून दिला तर एक वर्षही भरपूर, नाहीतर तीन वर्षंही कमी, हा न्याय तेव्हाच दिसला होता.

आता २००५. व्यावसायिक लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्या सामूहिक करारात वयाची अट आली: ड्राफ्टच्या वर्षअखेरपर्यंत वयाची १९ पूर्ण आणि तुकडीची शाळा संपून किमान एक वर्ष झालेलं. ती २००६ च्या ड्राफ्टपासून लागू झाली. लीगला २० हवं होतं, संघटनेला अटच नको होती, आणि सौदा १९ वर ठरला. मालकांची कारणं सरळ व्यवहाराची होती. २००१ मध्ये पहिल्या क्रमांकावर घेतलेला शाळकरी सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) अपेक्षेला उतरला नव्हता. २००४ मध्ये पहिल्या फेरीतले आठ जण शाळेतून थेट आले होते. कोट्यवधी डॉलर टाकायचे ते शाळेच्या जिममधला खेळ बघून, ही जोखीम त्यांना नकोशी झाली होती. वर्षभर मोठ्या पटांगणावर, टीव्हीवर, तगड्या प्रतिस्पर्ध्यांसमोर पोरगा दिसला तर पारखही होते आणि फुकट जाहिरातही. या जाहिरातीबद्दल लीगने कधी फार बोलणं केलं नाही, पण नव्या खेळाडूला पहिल्या दिवसापासून ओळखणारा प्रेक्षक आयता मिळाला, हे खरंच.

विरोधही झाला. शाळेतून थेट आलेल्या आणि त्या वेळी एनबीएच्या इंडियाना संघाकडून खेळणाऱ्या एका खेळाडूने या अटीमागे वर्ण असावा अशी शंका बोलून दाखवली. टेनिस किंवा बेसबॉलमध्ये अठराव्या वर्षी पैसे कमावणाऱ्यांची काळजी कोणाला वाटत नाही, हा त्याच्यासारख्यांचा मुद्दा होता, आणि तो खोडणं सोपं नाही. मग कोणी १९७१ सारखं कोर्टात का गेलं नाही? कारण तेव्हाचा नियम मालकांनी एकतर्फी लादला होता आणि हा कामगार करारातून आला होता. ओहायो स्टेटच्या एका अमेरिकन फुटबॉलपटूने त्याच्या लीगच्या तीन वर्षांच्या अटीला दिलेलं आव्हान २००४ मध्ये अपील न्यायालयात टिकलं नव्हतं. संघटनेने मान्य केलेली अट नव्याने येणाऱ्यांनाही बांधते, असा त्याचा अर्थ निघाला. ज्यांच्यावर अट लागणार ती मुलं संघटनेचे सभासदच नव्हती. जे सभासद होते, त्यांच्या जागेवर टपलेले स्पर्धक मात्र वर्षभर लांबले. दोन घरांनी सोयरीक ठरवावी आणि जेवणावळीचा खर्च तिसऱ्याच्या माथी यावा, तसा हा करार.

तो तिसरा म्हणजे कॉलेजं. त्यांनी हा नियम केला नाही आणि ते तो मोडूही शकत नाहीत. कॉलेजात जायलाच हवं, असंही त्यात कुठे नव्हतं. २००८ मध्ये एक गार्ड सरळ रोमला खेळायला गेला आणि पुढच्या वर्षी दहाव्या क्रमांकावर निवडला गेला. पण बाकीच्यांना कॉलेज सोयीचं होतं, त्यामुळे राग कॉलेजांच्या नियामक संस्थेवर निघाला आणि अजूनही निघतो. दर मार्चमध्ये 'ही संस्था वन-अँड-डन (एक वर्ष खेळून जाणं) बंद का करत नाही' असं विचारणारे भेटतात. २०१७ मध्ये रिक्रूटिंगमधल्या, म्हणजे शाळकरी खेळाडू कॉलेजात आणण्यातल्या, लाचखोरीची अटकसत्रं झाल्यावर एका माजी परराष्ट्रमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला. एप्रिल २०१८ च्या अहवालात त्यानेही हा प्रकार संपवा असंच म्हटलं. ते सांगणं अर्थातच लीगला आणि संघटनेला उद्देशून होतं. दोघांनी ऐकून घेतलं, आणि २०२३ च्या नव्या करारात अट होती तशीच राहिली.

नियमाचा पहिला बॅच २००७ मध्ये बाहेर पडला. ओहायो स्टेटचा सात फुटी सेंटर आणि टेक्सासचा सडपातळ फॉरवर्ड पहिल्या दोन क्रमांकांवर गेले. त्या वर्षी जिंकली मात्र फ्लोरिडा. २००६ मध्ये विजेतेपद मिळूनही तिथले ड्राफ्टयोग्य तिघे परत आले होते. दोन वर्षांनी नॉर्थ कॅरोलायनाचंही तसंच झालं: ड्राफ्टमधून नाव मागे घेऊन आलेले तिघे आणि चौथ्या वर्षाला थांबलेला एक खेळाडू, आणि करंडक. थांबणाऱ्याला चाहते डोक्यावर घेतात, ते या उदाहरणांमुळे. जे थांबले आणि दुसऱ्या वर्षी ड्राफ्टमध्ये घसरले, त्यांची नावं त्याच चाहत्यांना सहसा आठवत नाहीत.

वन-अँड-डनलाच संघाचं सूत्र बनवलं ते केंटकीने. २००९ मध्ये आलेल्या कोचने पहिल्याच वर्षी ३५ विजय, ३ हार असा मोसम दिला, पण करंडक नाही. जून २०१० मध्ये पाच जण ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत गेले, त्यातले चार पहिल्या वर्षाचे. त्या रात्री कोच बोलून गेला की केंटकीच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा दिवस. सात विजेतेपदं गाठीशी असलेल्या चाहत्यांना ते झोंबलं. खेळाडू पुढे पाठवणं हे यश, की विजेतेपदाचा बॅनर टांगणं हे यश, हा वाद तिथे खऱ्या अर्थाने तेव्हा सुरू झाला. २०१२ च्या विजेतेपदाने तो काही काळ मिटला. तो संघ ३८-२ होता आणि ड्राफ्टमधले पहिले दोन्ही क्रमांक त्याच्याच खेळाडूंचे होते. पुढच्याच वर्षी नवा बहुचर्चित संच मोठ्या राष्ट्रीय स्पर्धेत पोचलाही नाही. दुय्यम स्पर्धेत तो रॉबर्ट मॉरिसकडून ५९-५७ असा हरला, तोही पहिल्या सामन्यात. २०१५ मध्ये ३८ विजय आणि शून्य हार असा आलेला संघ विस्कॉन्सिनने ७१-६४ असा उपांत्य फेरीत थांबवला.

विस्कॉन्सिनची मुलं तीन-चार वर्षं एकत्र वाढलेली. देशभरच्या तटस्थ चाहत्यांनी त्यांना आपलं मानलं ते त्यामुळेच. पण फायनल जिंकली ड्यूकने. एकेकाळी कोणीही लवकर न जाणारं हे कॉलेज आता केंटकीच्याच वाटेवर होतं आणि त्याच्या ६८ पैकी ६० गुण पहिल्या वर्षाच्या चौघांनी केले. हरल्यावर विस्कॉन्सिनच्या कोचने भाड्याने आणलेल्या खेळाडूंबद्दल टोमणा मारला. त्या चौघांतले तिघे निघून गेले आणि चौथा चार वर्षं राहिला. प्रतिस्पर्ध्यांचे चाहते सर्वांत जास्त खार खाऊन होते ते या चौथ्यावर. इतकी वर्षं थांबा, थांबा म्हणणाऱ्यांनी थांबलेल्याला असं वागवावं, ही गंमत मला अजून पुरती उलगडलेली नाही.

सौदा फसला तेव्हाचे हिशेब वेगळे. २०११ चा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू ड्यूककडून पायाच्या अंगठ्याच्या दुखापतीमुळे फक्त ११ सामने खेळला. २०१६ चा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू एलएसयूचा (लुइझियाना स्टेट), तर २०१७ चा वॉशिंग्टनचा. दोघांच्याही संघांना मोठ्या स्पर्धेत जागा मिळाली नाही, आणि वॉशिंग्टनचा मोसम ९-२२ असा संपला. त्या पोरांसाठी वर्षानुवर्षं कोचने केलेली आराधना आणि त्यांच्यामुळे दुसरीकडे गेलेले कमी नावाजलेले, पण टिकणारे खेळाडू, असं सगळं मग जमाखर्चात धरलं जाऊ लागलं. केंटकीत हा जमाखर्च मार्च २०२४ मध्ये संपला. ओकलंडच्या एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने लांबून दहा बास्केट मारले, ८०-७६ अशी हार झाली, आणि काही आठवड्यांत कोच आर्कान्सोला गेला.

तोवर पायाच बदलला होता. जुलै २०२१ पासून खेळाडूंना जाहिराती वगैरेंतून स्वतःच्या नावावर पैसे मिळवायची मुभा मिळाली, त्याच सुमारास कॉलेज बदलून लगेच खेळण्याचीही. २०२४ मध्ये कॉलेज कितीदा बदलावं यावरची मर्यादाही उठली. २०२५-२६ पासून प्रत्येक कॉलेज स्वतः वर्षाला सगळ्या खेळांत मिळून सुमारे २ कोटी डॉलर खेळाडूंना वाटू शकतं. त्यामुळे पहिल्या फेरीच्या तळाशी असलेल्याला कॉलेजातच जास्त पैसे मिळू लागले. २०२१ मध्ये लवकर ड्राफ्टला नाव देणारे साडेतीनशेच्या वर होते, २०२५ मध्ये ते शंभराच्या आसपास आले. चाहत्यांनी पंधरा वर्षं मागितलेलं हेच. मात्र थांबलेला पोरगा आपल्याच कॉलेजात थांबेल याची हमी गेली. एप्रिलमधला प्रश्न आता 'एनबीए की आपण' एवढाच नसतो. मुलगा शेजारच्या राज्यातल्या प्रतिस्पर्ध्याकडेही जाऊ शकतो, आणि हा राग ड्राफ्टच्या रागापेक्षा कडवट आहे, कारण तो मुलगा पुढच्या जानेवारीत विरुद्ध जर्सीत घरच्या पटांगणावर येतो.

वर्षभरासाठी येणारे आहेतच. २०२५ मध्ये ड्यूकला उपांत्य फेरीपर्यंत नेणारा फॉरवर्ड पहिल्या क्रमांकावर डॅलसला गेला, तेव्हा तो अठराच वर्षांचा होता. त्याच्यावर कोणी चिडलं नाही. वयाच्या अटीबद्दल पुढची बोलणी व्हायची ती चालू करार संपताना, म्हणजे २०३० च्या सुमारास, आणि तीही लीग आणि संघटना यांच्यातच.