सोनेगावहून सरळ उत्तरेला निघालं की मेक्सिको येतं

दोन एअरपोर्टची नावं टाकली की अंतर आणि वेळ सांगणारे कॅल्क्युलेटर नेटवर ढिगानं पडलेत. त्यात एकीकडे आपलं सोनेगाव, म्हणजे नागपूरचं एअरपोर्ट, टाका आणि दुसरीकडे मेक्सिकोतलं सान लुईस पोतोसी. हेच गाव काऊन, तर नागपूर आहे 79 अंश पूर्वेला आणि ते 101 अंश पश्चिमेला, बेरीज 180, म्हणजे पृथ्वीच्या बरोब्बर पलीकडची रेघ. अक्षांशही जवळपास सारखेच, आपला 21 त्यांचा 22.

भिंतीवरचा नकाशा बघून कोणीही म्हणेल की दोन्ही गावं एकाच ओळीत आहेत, मग धरा पूर्व आणि जा सरळ. तसं गेलं तर साधारण 18,600 किमी पडतात. जवळचा रस्ता मात्र उत्तर ध्रुवावरून जातो, आणि तो मोजायला कॅल्क्युलेटर पण लागत नाही बाप्पा. नागपूर ते ध्रुव 90 वजा 21 म्हणजे 69 अंश, पलीकडे उतरताना 68, झाले 137, एका अंशाचे सुमारे 111 किमी, म्हणजे 15,200 च्या आसपास. ग्लोबवर दोरा ताणून बघा, लगेच पटतं. बाकी जोड्यांना साइन-कोसाइनची मारामारी असते, इथे पाचवीतलं पोरगंही करेल.

आता वेळ. कॅल्क्युलेटर काय करतं, तर ताशी 900 ने भागतं, चढण्या-उतरण्याचा अर्धा तास टाकतं आणि साडेसतरा तास सांगून मोकळं होतं. आकडा अगदीच हवेतला नाही, सिंगापूर ते न्यूयॉर्क विमान जवळपास एवढंच अंतर अठरा-साडेअठरा तासांत कापतं, पण त्यासाठी जास्त इंधन मावणारं खास ए350 लागतं.

खरी गोची रस्त्यात आहे. नागपूरहून नाकासमोर उत्तरेला गेलं की केदारनाथ जवळजवळ पायाखालीच येतं (तेही 79 अंशांवरच आहे) आणि त्याच्या पुढे तिबेट. विमानातला हवेचा दाब गेला तर पायलटला झटपट दहा हजार फुटांपर्यंत खाली यावं लागतं, कारण मास्कमधला ऑक्सिजन बहुतेक विमानांत पंधरा-एक मिनिटांचाच असतो, आणि तिबेटात तर जमीनच पंधरा हजार फुटांवर, उतरणार कुठे? म्हणून एअरलाइन्स वळसा घालतात आणि तुमचे 15,200 तिथेच वाढतात. पुढे ध्रुवाकडे वेगळंच टेन्शन, जेट ए-1 इंधन उणे 47 अंशांना गोठायला लागतं, त्यामुळे टाकीचं तापमान बघत राहायचं, फार उतरलं तर विमान खाली घ्यायचं नाहीतर वेग वाढवायचा. शिवाय इंजिन रुसलं तर उतरायला जवळपास एअरपोर्ट हवा. जून 2023 मध्ये एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान असंच रशियाच्या मगदानला उतरलं होतं, दोनशेच्या वर लोक, आणि त्यांना न्यायला दुसरं विमान मुंबईहून पाठवावं लागलं.

आणि वारा तर कॅल्क्युलेटरच्या गावीच नसतो. मुंबई-नागपूर सुमारे 680 किमी, त्याला जातानाही तेवढाच वेळ आणि येतानाही. पण हिवाळ्यात वर पश्चिमेचा वारा जोरात असतो, मुंबईहून येताना तो पाठीवर आणि परत जाताना नाकावर. वर तिकिटावरचा वेळ गेटवरून हलल्यापासून दुसऱ्या गेटला लागेपर्यंतचा असतो, त्यात मुंबईचं टॅक्सीवे आणि आकाशातल्या घिरट्या पण आल्या, म्हणून सव्वा तासाच्या हिशोबाचा छापील दीड तास होतो.