बेचाळीस गुणांचा फरक कुठून येतो?

६ डिसेंबर २०१०. बोस्टनजवळच्या फॉक्सबरोत न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी न्यूयॉर्क जेट्सचा ४५-३ असा धुव्वा उडवला. अमेरिकन फुटबॉलमधले हे दोन संघ एकाच डिव्हिजनमधले (गटातले), म्हणजे हंगामात दोनदा तरी गाठ पडणारच. त्या दिवशी दोघांच्याही खात्यात ११ पैकी ९ विजय होते आणि सप्टेंबरमध्ये जेट्सनी याच पेट्रियट्सना २८-१४ ने हरवलं होतं. मग एकदम बेचाळीस गुणांचं अंतर कसं पडलं?

या खेळात एका सामन्यात प्रत्येक संघाच्या वाट्याला चेंडू साधारण ११-१२ वेळाच येतो. इतक्या थोड्या संधींत नशीब फार मोठं दिसतं. नाणं बारा वेळा उडवलं, तर आठ किंवा त्याहून जास्त छापे पडण्याची शक्यता जवळपास पाचात एक असते, आणि नाण्यात काहीही खोट नसते.

पण नाण्याला आधीचा निकाल आठवत नाही. फुटबॉलला आठवतो, आणि मला खरी गंमत इथेच वाटते. पहिल्या क्वार्टरअखेर जेट्स १७-० ने मागे होते. चेंडू घेऊन धावत राहिलं की घड्याळ पळतं. पास हुकला की ते थांबतं. म्हणून पिछाडीवरचा संघ पासवर पास फेकतो. समोरच्या बचावाला हे पक्कं ठाऊक असतं, त्यामुळे धावण्याची फिकीर सोडून तो पासवरच टपून बसतो. आवश्यक धावगती वाढली की फलंदाज हवेत फटके मारतो आणि झेल देतो, तसंच हे. जेट्सच्या मार्क सांचेझचे तीन पास पेट्रियट्सनी पळवले. पास पळवला गेला की पिछाडी वाढते, पिछाडी वाढली की आणखी धोक्याचे पास. माइक स्पीकरजवळ नेल्यावर शिट्टी वाढत जाते ना, त्याच जातीची ही साखळी. संघांमधला फरक लहान असला तरी ती तो फुगवून दाखवते.

सुरुवातीचा तो लहान फरक कुठला? एक कारण तरी स्पष्ट दिसतं. जेट्सच्या बचावफळीला मैदानात जागा लावून देणारा जिम लिओनार्ड तीनच दिवस आधी सरावात पाय मोडून बसला होता. पेट्रियट्ससाठी पास फेकणाऱ्या टॉम ब्रेडीने त्या रात्री ३२६ यार्ड आणि चार टचडाउनचे (चेंडू विरोधी संघाच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन गुण मिळवण्याचे) पास दिले.

एखादा निकाल टोकाचा लागला, तर पुढचा बहुधा सरासरीकडे सरकतो. ब्रिटिश संशोधक फ्रान्सिस गाल्टनने १८८६ मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीत हे दाखवलं होतं. पण सरासरी आपोआप सामने जिंकून देत नाही. जेट्सच्या रेक्स रायन या प्रशिक्षकाने त्या ४५-३ च्या सामन्याचा चेंडू खड्डा खणून पुरला आणि बचावाची आखणी बदलली: ब्रेडीवर धावून जाणारे खेळाडू कमी, पास झेलणाऱ्यांना जखडून ठेवणारे जास्त.

४१ दिवसांनी, १६ जानेवारी २०११ ला, प्लेऑफमध्ये त्याच मैदानावर मध्यंतराला जेट्स १४-३ ने पुढे होते. आता घड्याळाशी झगडत पास फेकायची पाळी ब्रेडीवर आली. मोकळा साथीदार शोधण्यात त्याचा वेळ जाई, आणि जेट्सनी त्याला पाच वेळा चेंडूसकट लोळवलं. जेट्स २८-२१ ने जिंकले.