निवासी कॅरॅव्हॅन पार्क : ग्रामीण भागातील वाहतूक व पोहोचमार्ग

निवासी कॅरॅव्हॅन पार्क म्हणजे कायद्याच्या व्याख्येप्रमाणे हलवता येण्याजोग्या, पण व्यवहारात एका जागी बारमाही वस्तीसाठी ठेवलेल्या घरांची परवानाधारक वसाहत. ब्रिटनमध्ये अशा घराला ‘पार्क होम’ म्हणतात. घर रहिवाशाच्या मालकीचे असते, त्याखालची जागा पार्कमालकाची. त्या जागेचे भाडे (‘पिच फी’) नियमाने द्यावे लागते. सुटीपुरत्या वापराचे हॉलिडे पार्क व भटक्या समाजांसाठीची स्थळे यांचे नियम काही अंशी वेगळे असून त्यांचा विचार येथे आनुषंगिकच केला आहे. २०१२ च्या सुमारास इंग्लंडमध्ये अशी सु. २,००० स्थळे व त्यांवर सु. ८५,००० कुटुंबे होती, असा अंदाज ब्रिटिश संसदेपुढील चर्चेत वारंवार येतो. बरीच स्थळे गावकुसाबाहेर, शेतातून जाणाऱ्या अरुंद रस्त्यांवर आहेत. अनेक पार्कांत पन्नाशीच्या आतल्यांना प्रवेश नसतो. वाहतुकीचे बहुतेक प्रश्न या दोन गोष्टींतूनच उद्‌भवतात.

शब्द : ‘कॅरॅव्हॅन’ हा शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला आणि त्याचे मूळ फार्सी ‘कारवान’ हे आहे, याबद्दल दुमत नाही. फार्सी शब्दाच्या व्युत्पत्तीबद्दल मात्र आहे. काहींनी तो संस्कृत ‘करभ’ (उंट, उंटाचे पिल्लू) या शब्दाशी जोडला. तर काहींच्या मते त्यात प्राचीन फार्सीतील ‘कार’ (सैन्य, जनसमूह) हा शब्द आहे. मध्य फार्सीतील रूप पाहता दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. उंटाचा संबंध अर्थसादृश्यावरून सुचला असावा. इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या अखेरीस या शब्दाचा अर्थ व्यापाऱ्यांचा काफिला असाच होता. पुढच्या शतकात तो छपराच्या गाडीसाठी रूढ झाला आणि त्याचेच शेपूट तेवढे ठेवून ‘व्हॅन’ हा शब्द तयार झाला. दख्खनेत हा फार्सी शब्द हैदराबादेतील कारवान या वस्तीच्या नावात उरला आहे. मराठीत त्याची जागा अरबी ‘काफिला’ने आणि त्याहून जुन्या ‘तांडा’ या शब्दाने घेतली. चालत्या समूहासाठीचा शब्द स्थिर वस्तीला लागावा, हे बंजारा तांड्यांच्या बाबतीतही घडले आहे, एवढे साम्य नोंदवण्यासारखे आहे.

हौसेची कॅरॅव्हॅन ब्रिटनमध्ये साधारणपणे १८८५ पासून मोजतात. त्या वर्षी गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त नौदल वैद्याने ब्रिस्टलच्या कारखान्यातून ‘द वाँडरर’ ही घोड्यांची गाडी बांधून घेतली. निवासी वापर मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतरच्या घरटंचाईतला. त्या वस्त्यांची पाहणी आर्टन विल्सन यांनी केली (अहवाल १९५९) व त्यावरून १९६० चा कॅरॅव्हॅन स्थळे व विकास नियंत्रण कायदा झाला. परवाना, परवान्याच्या अटी व सरकारने वेळोवेळी प्रसिद्ध केलेली ‘आदर्श मानके’ ही चौकट तेथून आली. पुढे १९६८, १९८३ व २०१३ च्या कायद्यांनी तिच्यात भर घातली.

हलवता येणे, या अटीचा अर्थ : १९६० च्या कायद्यानुसार कॅरॅव्हॅन म्हणजे माणसाच्या वस्तीसाठी बनवलेली वा बदललेली आणि ओढून किंवा वाहनावर लादून एका ठिकाणाहून दुसरीकडे नेता येईल अशी रचना. १९६८ च्या कायद्याने दोन भाग जागेवर जोडून केलेले घरही व्याख्येत घेतले व त्याला कमाल मापे घातली : लांबी ६० फूट, रुंदी २० फूट, आतली उंची १० फूट. इंग्लंडमध्ये २००६ साली ती २० मी., ६.८ मी. व ३.०५ मी. अशी वाढवण्यात आली. जोडलेले घर रस्त्यावरून कायदेशीरपणे नेता येत नाही, एवढ्याच कारणाने ते व्याख्येबाहेर जात नाही. मात्र जोडल्यानंतर ते अखंड उचलता आले पाहिजे. भाग सुटे करूनच हलवता येईल असे घर कॅरॅव्हॅन ठरत नाही, असा निर्णय अपील न्यायालयाने १९९४ मध्ये दिला.

येथे एक चमत्कारिक प्रश्न उभा राहतो. घर हलण्यास समर्थ आहे, पण पार्कची वाट इतकी चिंचोळी की ते तेथून बाहेर काढताच येणार नाही. मग ती कॅरॅव्हॅन की इमारत? नियोजन अपिलांतील कल असा की कसोटी रचनेला लावायची, वाटेला नव्हे. कायद्याच्या अन्वयार्थाच्या दृष्टीने हे ग्राह्य आहे. ट्रेलरचालकाला त्याचा काही उपयोग नाही.

घर आणण्याचा मार्ग : ६.८ मी. रुंदीचे घर दोन उभ्या भागांत येते. प्रत्येक भाग ३.४ मी. रुंद. ब्रिटिश रस्त्यांवर सामान्य वाहनाची कमाल रुंदी २.५५ मी. आहे. २.९ मी.च्या वर गेलेला माल ‘असाधारण भार’ ठरून पोलिसांना दोन पूर्ण कामकाजाचे दिवस आधी कळवावे लागते, ३.५ मी.च्या वर चालकासोबत मदतनीस सक्तीचा होतो. अर्धे घर या दुसऱ्या मर्यादेच्या १० सेंमी. आत बसते. हा योगायोग असेल वा नसेल, घर बांधणाऱ्यांच्या ते सोयीचे आहे.

अडचण फाटकात येते. इंग्लंडच्या २००८ च्या आदर्श मानकांनुसार पार्कच्या प्रवेशमार्गाची व फाटकांची रुंदी किमान ३.१ मी. आणि वरची मोकळी उंची किमान ३.७ मी. हवी, आतील दुहेरी वाहतुकीचा रस्ता किमान ३.७ मी., एकेरी असल्यास ३ मी. हे ३.१ व ३.७ मी.चे आकडे अग्निशामक बंबाचे आहेत. इमारत नियमांच्या मार्गदर्शिकेत बंबासाठी हीच मापे दिलेली आढळतात, आणि ती बहुधा जुन्या फुटांतील मापांची मेट्रिक रूपे असावीत. म्हणजे मानकाला धरून बांधलेल्या फाटकातून बंब निर्वेध जातो आणि ३.४ मी.चे अर्धे घर अडते. मग खांब उपटणे, कुंपणाचा एक गाळा काढून ठेवणे किंवा क्रेनने पलीकडे उतरवणे, हे तीनच मार्ग उरतात. अनुभवी पार्कमालक फाटकाशेजारचे कुंपण मुळातच काढता येण्याजोगे ठेवतात. गावातील जुना कमानी पूल, रस्त्यावर झुकलेली ओकची फांदी, दोन घरांमधले काटकोनी वळण ही विघ्ने त्याआधीची. ट्रेलरचे मागचे चाक वळणावर किती आत येते, हे आता संगणकावर आखून पाहतात. शेवटचे काही मीटर ट्रॅक्टरने किंवा विंचने ओढून घर काँक्रीटच्या चौथऱ्यावर चढवले जाते, खाली जॅक लागतात, कडेने विटांची वा फळ्यांची झालर बसते. त्यानंतर बरीच घरे जागची हलत नाहीत.

मुख्य रस्त्याला मिळणारे तोंड : पोहोचरस्त्यावरून बाहेर पडणाऱ्या चालकाला दोन्ही बाजूंना किती अंतरापर्यंत दिसले पाहिजे, यावर ग्रामीण पार्कांचे प्रस्ताव वारंवार अडकतात. रस्त्याच्या कडेपासून २.४ मी. मागे उभे राहून हे अंतर मोजतात. मोटारीच्या बोनेटची लांबी धरून चालकाचा डोळा साधारण तेथे असतो. महामार्गांच्या ब्रिटिश संकल्पन-संहितेनुसार ताशी १०० किमी. वेगासाठी २१५ मी. दृष्टिअंतर इष्ट मानले आहे. २००७ च्या ‘मॅन्युअल फॉर स्ट्रीट्स’ या मार्गदर्शिकेत ताशी ३० मैलांना ४३ मी. पुरतात. दोहोंतील फरक केवळ वेगाचा नाही. पहिली ब्रेक लागण्याचा दर सौम्य व चालकाचा प्रतिसाद-वेळ २ सेकंद धरते; दुसरीत दर जास्त असून वेळ १.५ सेकंद आहे.

गावाबाहेरच्या अरुंद रस्त्यावर वेगमर्यादा कागदोपत्री ताशी ६० मैल असते. वळणे व खाचखळग्यांमुळे मोटारी बहुधा त्याच्या निम्म्यानेच धावतात. म्हणून अर्जदाराचा सल्लागार प्रत्यक्ष वेग मोजून लहान अंतर मागतो, महामार्ग अधिकारी कागदावरच्या वेगाचे अंतर मागतात. २०१० च्या पूरक मार्गदर्शिकेनंतर प्रत्यक्ष वेग धरण्याकडे कल वाढला असून ताशी ६० किमी.च्या आसपासपर्यंत तो योग्यही दिसतो. त्याच्या वर जुनी संहिताच सुरक्षित.

२१५ मी. मोकळे दिसायचे तर कडेचे कुंपण मागे घ्यावे लागते, आणि इंग्लंडमधील शेतकुंपण म्हणजे हॉथॉर्नची शतकांची झुडपे. २० मी.हून लांब कुंपण काढण्यापूर्वी १९९७ च्या नियमांनुसार स्थानिक प्राधिकरणाला कळवावे लागते. नियोजन परवानगीचाच तो भाग असल्यास सूट मिळते. पक्ष्यांच्या विणीच्या हंगामात, साधारण मार्च ते ऑगस्ट, काम टाळतात. कुंपण ज्या जमिनीवर आहे ती शेजाऱ्याची असेल, तर दृष्टिअंतराची किल्ली त्याच्या खिशात जाते.

रहदारीचे प्रमाण हा मात्र क्वचितच नकाराचा आधार ठरतो. राष्ट्रीय नियोजन धोरणाप्रमाणे (२०१२ पासून) वाहतुकीच्या कारणावरून नकार द्यायचा तर उरलेला एकत्रित परिणाम ‘गंभीर’ असावा लागतो. रस्ता-सुरक्षेचा निकष पुढे स्वतंत्रपणे आला. निवृत्तांच्या पार्कमधून सकाळच्या गर्दीच्या तासात थोड्याच मोटारी निघतात. त्यांचा राबता नाश्त्यानंतरचा.

आतील रस्ते : रस्ते खासगी असतात, महामार्ग प्राधिकरण ते सहसा ताब्यात घेत नाही. १९८३ च्या कायद्याने प्रत्येक करारात गृहीत धरलेल्या अटींनुसार प्रवेशमार्ग नीटनेटके ठेवण्याची जबाबदारी पार्कमालकाची आहे. हिवाळ्यात मीठ टाकणारी सरकारी गाडी फाटकाशी थांबते, कचऱ्याची गाडीही अनेक ठिकाणी आत येत नाही. नळाचा गॅस न पोहोचलेल्या भागात गॅसच्या सिलिंडरांची किंवा टाकी भरणारी अवजड गाडी मात्र आत यावीच लागते, आणि रस्त्याची कड तीच मोडते. १९८९ च्या मानकांत कोणतेही घर रस्त्यापासून ५० मी.हून दूर नसावे अशी अट होती. दोन घरांत ६ मी. अंतर ठेवण्याची अट आगीसाठी आहे. तेथे मोटार उभी राहिली की तिचा हेतू काही अंशी बाद होतो.

पायवाटेचे माप पाहण्यासारखे आहे. १९८९ च्या मानकांत ती ०.७५ मी. होती, २००८ मध्ये सामाईक पायवाटांसाठी शक्य तेथे ०.९ मी. झाली. रस्त्यावर चालवता येणाऱ्या वर्गातील वृद्धांच्या विद्युत स्कूटरची कमाल परवानगीची रुंदी ०.८५ मी. आहे. जुन्या वाटेवर ती मावत नाही, नव्या वाटेवर दोन्ही बाजूंना अडीच-अडीच सेंमी. राहतात.

बस व चालण्याचे अंतर : थांबा घरापासून ४०० मी.च्या आत असावा, हे सूत्र प्रत्येक वाहतूक अहवालात भेटते. त्याचे मूळ बहुधा पर्यावरण खात्याच्या १९७३ च्या एका परिपत्रकात असावे; पुढे महामार्ग व वाहतूक अभियंत्यांच्या संस्थेच्या मार्गदर्शिकांनी ते उचलले आणि वापराने त्याला नियमाचे वजन आले. हे अंतर नागरी वस्तीतील सामान्य चालीचे, सु. पाच मिनिटांचे आहे. फुटपाथ व दिवे नसलेल्या रस्त्यावर सत्तरीतील माणसासाठी ते लावणे शास्त्रीय म्हणता येत नाही. खेड्यात थांब्यापेक्षा फेऱ्या मोजाव्यात, हे मत अधिक ग्राह्य आहे : ३०० मी.वरची दिवसाला एक बस आणि ७०० मी.वरची तासाला एक, यांत रहिवासी कोणती निवडेल हे सांगायला नको.

२६ ऑक्टोबर १९८६ पासून लंडन वगळता इंग्लंडमधील बससेवा खुल्या बाजारावर सोडण्यात आली. तोट्याच्या फेऱ्या स्थानिक परिषदेच्या अनुदानावर चालतात व अनुदान आटले की त्याच आधी बंद होतात. नव्या पार्ककडून नियोजन-कराराद्वारे बससाठी पैसे घेतले जातात, परंतु ते ठरावीक वर्षांपुरते. १ एप्रिल २००८ पासून ज्येष्ठांना सर्व इंग्लंडमध्ये गर्दीबाहेरच्या वेळी बसप्रवास मोफत आहे. कामाच्या दिवशी ही सवलत सकाळी साडेनऊला सुरू होते. सव्वानऊच्या बसपाशी येऊन ‘फार लवकर झाले का?’ (‘टू अर्ली?’) विचारणाऱ्या पासधारकांना चालक त्या इंग्रजी प्रश्नाच्या उच्चारावरूनच ‘ट्वर्ली’ म्हणतात. गावच्या फेऱ्या दिवसाला तीनच असतील आणि पहिली सव्वानऊची, तर तो पास निम्मा कामाचा राहतो. काही ठिकाणी थांबा नसला तरी हात दाखवून बस थांबवता येते. एसटीच्या ‘विनंती थांब्या’च्या जवळची ही सोय. स्वयंसेवी मिनीबस १९८५ च्या वाहतूक कायद्याच्या विशेष परवान्यांवर चालतात.

‘एकाकी’ घरे : ग्रामीण भागात एकाकी घरे टाळावीत, या राष्ट्रीय धोरणातील ‘एकाकी’ शब्दाचा अर्थ सेवांपासून दूर असा घेऊन, बस नाही म्हणून घर एकाकी, असा युक्तिवाद होत असे. ब्रेनट्री जिल्हा परिषदेच्या प्रकरणात (२०१८) अपील न्यायालयाने तो नाकारला : एकाकी म्हणजे वस्तीपासून प्रत्यक्ष तुटलेले. बस व दुकान यांचे प्रश्न धोरणाच्या इतर परिच्छेदांखाली येतात. खेड्याला लागून असलेल्या पार्कांना या निर्णयाचा फायदा झाला असावा.

पूर : बारमाही निवासाची कॅरॅव्हॅन पूरधोक्याच्या वर्गीकरणात ‘अतिअसुरक्षित’ गटात मोडते व सर्वाधिक संभाव्यतेच्या पूरक्षेत्रात तिला परवानगी देऊ नये असे धोरण आहे. सुटीच्या कॅरॅव्हॅनचा गट एक पायरी खाली. तिला इशारा व स्थलांतराच्या योजनेवर परवानगी मिळू शकते. पार्क उंचावर असून पोहोचरस्ता पाण्याखाली जाणारा असेल, तरीही सुरक्षित बाहेर पडण्याचा मार्ग दाखवावा लागतो.

अन्यत्र : वेल्समध्ये २०१३ चा स्वतंत्र कायदा आहे, तेथील मापे इंग्लंडसारखीच. महाराष्ट्राने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणले, त्यातील पार्क पर्यटकांच्या चालत्या गाड्यांसाठी आहेत, निवासासाठी नाहीत.