फॅट्सो: कॅस्परच्या कॉमिकमधलं साइड व्हिलन भूत कोर्टात कसं पोचलं

घोस्टबस्टर्स या हॉलिवूड पिक्चरचा लोगो बहुतेकांनी पाहिलेला असतो, लाल गोल, त्यावर तिरकी पट्टी आणि मधे अडकलेलं गुबगुबीत पांढरं भूत. तर हे भूत आमच्या फॅट्सोवरून उचललंय असं म्हणत हार्वी कॉमिक्सने १९८४ मधे तो पिक्चर काढणाऱ्या कोलंबिया पिक्चर्सवर ५ कोटी डॉलरचा दावा ठोकला होता. फॅट्सो म्हणजे कॅस्पर या मनमिळाऊ भुताच्या कॉमिकमधल्या घोस्टली ट्रायो या भुतांच्या त्रिकुटापैकी एक, बाकीचे दोघे फुसो आणि लाझो. धड मेन व्हिलन पण नाही हो, लोकांना घाबरवायला जायचं आणि कॅस्परने मधे कडमडून सगळ्यावर पाणी फिरवायचं, एवढाच रोल.

कॅस्पर मुळात सेमूर राइट आणि जो ओरिओलो या दोघांच्या डोक्यातून आला, तोही लहान मुलांच्या पुस्तकासाठी. मग हक्क पॅरामाउंटच्या फेमस स्टुडिओजकडे गेले, १९४५ ला पहिलं कार्टून आलं, १९४९ ला सेंट जॉन या प्रकाशकाने कॉमिक काढलं आणि १९५२ मधे ते हार्वीकडे आलं. गंमत म्हणजे हीच हार्वी तेव्हा खरोखरची हॉरर कॉमिक्सपण छापत होती, म्हणजे एका हाताने गोंडस भूत आणि दुसऱ्या हाताने अंगावर काटा आणणारं.

१९५४ मधे हे सगळं बदललं. फ्रेडरिक वर्थम नावाच्या सायकियाट्रिस्टने कॉमिक्समुळे पोरं बिघडतात म्हणून रान उठवलं होतं, सिनेटच्या कमिटीपुढे सुनावण्या झाल्या, आणि सरकारने काही करायच्या आत प्रकाशकांनी स्वतःच कॉमिक्स कोड, म्हणजे कॉमिकमधे काय चालेल काय नाही याची नियमावली, लावून घेतला. चालती प्रेतं, व्हँपायर, नरभक्षक सगळं बंद. हार्वीने हॉरर गुंडाळलं आणि सगळा जोर मुलांच्या कॉमिक्सवर लावला.

माझ्या मते फॅट्सोसारख्या व्हिलनचं दुकान चाललं ते यामुळेच. तो कोणाचा जीव घेत नाही, रक्त नाही, सूड नाही, फक्त 'बू' करतो आणि शेवटी स्वतःच तोंडावर आपटतो, कोड त्याला काय हरकत घेणार. आणि तो मेला कसा हेही कोणी विचारत नाही. आपल्याकडे मुंजा वेगळा, समंध वेगळा, हडळ वेगळी, प्रत्येकाच्या मरणाचा हिशेब ठेवलेला. हार्वीची भुतं मात्र जणू जन्मतःच भुतं. १९५९ ला हार्वीने पॅरामाउंटकडून कॅस्पर पूर्ण विकतच घेतला, १९७२ ला ट्रायोचं नाव टायटलमधे असलेलं कॉमिकसुद्धा निघालं.

पण १९८२ मधे हार्वीचं छापणं थांबलं, हातात उरली ती जुनी पात्रं, आणि दोनच वर्षांनी घोस्टबस्टर्स आला.

निकाल १९८६ मधे लागला आणि हार्वी हरली. अमेरिकेच्या जुन्या कायद्यात कॉपीराइट आधी २८ वर्षांचा असायचा, मुदत संपायच्या आत रिन्यू केला तर पुढे चालू, नाहीतर ती गोष्ट सगळ्यांची. कॅस्परच्या सुरुवातीच्या कथांचं रिन्यूअल हार्वीने केलंच नव्हतं! आता एवढा मोठा दावा लावताना हे आधी कोणी तपासलं कसं नाही देव जाणे. शिवाय कोर्टाचं म्हणणं पडलं की कार्टूनमधलं भूत काढायचे प्रकार असून असून किती असणार, थोडंफार साम्य येणारच. मला हे पटतं, कारण पांढरी चादर, गुबरे गाल, आठ्या घातलेलं कपाळ यापलीकडे फॅट्सोला वेगळं असं दिलं होतंच काय.

पुढे १९९५ च्या कॅस्पर पिक्चरमधे हे तिघं कॅस्परचे काका झाले. त्यात घोस्टबस्टर्सवाला डॅन आयक्रॉइड आपल्या जुन्याच रोलमधे क्षणभर येतो आणि यांच्या घरातून घाबरून पळ काढतो, ज्याने कोणी हा सीन टाकला त्याला ती केस नक्की माहीत असणार असं मला राहून राहून वाटतं. फुसो आणि लाझो ही नावं मात्र तिथे गेली, त्यांच्या जागी स्ट्रेच आणि स्टिंकी आले, फॅट्सो तेवढा टिकला.