हरल्यावर काय? प्रौढांसाठीच्या टेक्स्ट आरपीजींमधल्या वादांची पार्श्वभूमी

प्रौढांसाठीच्या टेक्स्ट आरपीजी, म्हणजे शब्दांतून चालणारे भूमिका वठवायचे खेळ, खेळणाऱ्यांचे वाद बाहेरून ऐकले तर वाटतं, विषय शृंगाराचाच असणार. प्रत्यक्षात भांडणं भलत्याच गोष्टींवर चालतात: जंगलात ठरावीक पात्र भेटण्याची शक्यता किती ठेवायची, लढाई हरल्यावर किती नाणी कापायची, नको तो मजकूर बंद करणारं बटण नेमकं काय बंद करतं, नव्या आवृत्तीत जुनी सेव्ह (जपून ठेवलेली खेळाची स्थिती) चालणार की नाही. या सगळ्याच्या बुडाशी दोन प्रश्न आहेत. हरण्याची किंमत काय असावी? आणि कुठलं वाक्य कोणाच्या पुढ्यात यावं हे कोणी ठरवायचं? दुसरा प्रश्न जुना आहे, त्यामुळे आधी तो.

१९८१ साली चक बेंटन यांचा ‘सॉफ्टपॉर्न ॲडव्हेंचर’ ॲपल टू संगणकासाठी आला. प्रकाशक ऑन-लाइन सिस्टिम्स, म्हणजेच पुढची सिएरा ही कंपनी. खेळात चित्र एकही नाही. नायक पुरुषच, कोडी ठरलेली, आणि प्रौढ मजकूर म्हणजे कोडं सुटल्याचं बक्षीस. हा साचा टिकाऊ निघाला. १९८७ मध्ये अल लो यांनी याच खेळाच्या सांगाड्यावर चित्रं चढवून पहिला ‘लीजर सूट लॅरी’ केला. त्याच्या सुरुवातीला वय तपासायला प्रश्न येत, मोठ्या माणसालाच ठाऊक असतील अशा अमेरिकी राजकारणातल्या आणि करमणुकीतल्या गोष्टींचे. खाली पर्याय दिलेले असल्यामुळे पोरं ठोकताळ्याने पास व्हायची आणि अमेरिकेबाहेरचा चाळिशीतला गृहस्थ नापास व्हायचा. शिवाय ऑल्ट आणि एक्स एकत्र दाबलं की प्रश्नांची कटकटच टळे. खेळाच्या आत वय तपासणं किती कुचकामी आहे हे तेव्हाच दिसलं होतं. आजचं ‘मी १८ वर्षांवरचा आहे’ हे बटण त्याहून वेगळं काही करत नाही.

टेक्स्ट खेळ बनवणाऱ्या इन्फोकॉम कंपनीच्या स्टीव्ह मेरेट्झकी यांनी १९८६ मध्ये ‘लेदर गॉडेसेस ऑफ फोबॉस’मध्ये जास्त डोकं लावलं. खेळाला तीन पातळ्या होत्या: सोज्वळ, सूचक आणि चावट. खेळता खेळता एक शब्द टाइप केला की पातळी बदले. कोडी तिन्हींत तीच. बदलायची ती वर्णनं. याला तांत्रिक कारणही होतं. इन्फोकॉमच्या नेहमीच्या खेळाची अख्खी फाइल १२८ किलोबाइटांत बसवावी लागे, तेव्हा गोष्ट तीनदा लिहिणं परवडणारं नव्हतंच. नायक पुरुष की स्त्री, हेसुद्धा प्रश्न न विचारता ठरे: सुरुवातीला खेळाडू पुरुषांच्या स्वच्छतागृहात शिरतो की स्त्रियांच्या, त्यावर. इतकी सफाई नंतरच्या ढीगभर गेममध्ये दिसत नाही. तिथे पहिल्याच पानावर वीस प्रश्नांचा फॉर्म भरून घेतात.

तीन पातळ्यांत एक खोट होती, ती पुढे उघडी पडली. शिडी एकच असेल तर वरच्या पायरीवरचं सगळं एकदम गळ्यात पडतं. एखाद्याला अमुक प्रकार चालतो, तमुक अजिबात नको, आणि दोन्ही ‘चावट’मध्येच येतात. आजचे टॅग आणि टॉगल (एकेक प्रकार चालू-बंद करायची बटणं) जन्मले ते या अडचणीतून, पण मध्ये एक मोठं वळण आलं: अनेकांनी मिळून खेळायचे खेळ.

रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांचा पहिला मड, म्हणजे अनेकांनी एकाच वेळी शब्दांतून खेळायचं जग, १९७८ मध्ये एसेक्स विद्यापीठात सुरू झाला. तो लढाईचा आणि गुणांचा खेळ होता. १९८९ मध्ये जेम्स ॲस्पनेस यांनी कार्नेगी मेलनमध्ये केलेल्या टायनीमडने गुण आणि पातळ्या काढून टाकल्या; राहिलं ते गप्पा मारणं आणि खोल्या बांधणं. त्याच वाटेवर १९९० मध्ये फरीमक हा खेळ आणि झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रातल्या पावेल कर्टिस यांचा लॅम्डामू आला. जिंकणं-हरणं गेल्यावर लोक भूमिका वठवू लागले, आणि त्यात प्रौढ भूमिका आल्याच.

लॅम्डामूवर १९९३ मध्ये जे झालं ते पत्रकार ज्युलियन डिबेल यांच्या त्याच वर्षीच्या लेखामुळे जगजाहीर आहे. ‘मिस्टर बंगल’ नावाच्या पात्राने दुसऱ्यांना हवं ते करायला लावणाऱ्या एका बाहुलीच्या वस्तूतून इतरांच्या पात्रांच्या नावे लैंगिक हिंसेचा मजकूर भर दिवाणखान्यात छापला. चर्चा मुख्यतः नीतीची झाली, पण डिझाइनची चूक साधी होती: खेळाडूने न टाइप केलेली कृती त्याच्या पात्राच्या नावावर पडद्यावर येऊ शकत होती. नको त्या माणसाचं बोलणं दडवणारी ‘गॅग’ आज्ञा होती, पण तिने फक्त स्वतःच्या पडद्यावरचं दिसेनासं होतं. बाकीच्यांना तमाशा दिसतच राहतो. शेवटी एका विझार्डने, म्हणजे खेळ सांभाळणाऱ्या प्रशासकाने, स्वतःच्या अखत्यारीत बंगलला काढून टाकलं, आणि त्यानंतर कर्टिस यांनी अर्ज आणि मतदानाची पद्धत आणली. मश या मडच्या एका प्रकारच्या सर्व्हरांवर अशा फसवणुकीला नोस्पूफ हा फ्लॅग असतो. तो लावला की प्रत्येक सुट्या ओळीआधी ती कोणी छापली त्याचं नाव दिसतं. मक या दुसऱ्या प्रकारात (फरीमक त्यातलाच) लोक आपल्याला काय चालतं आणि काय नाही याची खुणांची यादी पात्रावर लावून ठेवत, म्हणजे समोरचा बोलणं सुरू करण्याआधी वाचून घेई. आजच्या टॉगलांचा हा सख्खा पूर्वज. फरक इतकाच की तिथे पाळणं माणसावर सोडलेलं होतं, आता ते कोडमध्ये आहे.

एकट्याने खेळायच्या टेक्स्ट गेमला पुन्हा उधाण आलं ते २००९ नंतर. त्या वर्षी क्रिस क्लायमस यांचं ट्वाइन आलं, ज्यात प्रोग्रामिंग न येणाराही दुव्यांवर चालणारी गोष्ट एका एचटीएमएल फाइलमध्ये बांधू शकतो. दुसरीकडे फ्लॅश या ब्राउझरात खेळ चालवणाऱ्या जुन्या तंत्रावर फेनोक्सो या टोपणनावाच्या लेखकाचा ‘करप्शन ऑफ चॅम्पियन्स’ गाजला. आजचे बहुतेक वाद त्याच्या रचनेभोवती फिरतात. तळ ठोकायचा, तासातासाने वेळ जातो, जंगल-तळं-डोंगर-वाळवंट यांपैकी कुठेतरी फिरायला जायचं, कोण भेटेल ते नशिबावर. लढाईत दोन पट्ट्या: एक जिवाची, एक वासनेची. पहिली रिकामी झाली किंवा दुसरी भरली की हार.

आता पहिला प्रश्न. साध्या आरपीजीत हरणं म्हणजे नुसता तोटा. इथे हरल्यावरही लिहिलेला प्रसंग येतो, आणि तो वाचायला खेळाडू उत्सुक असतो. मग लढायचं कशाला? हरण्याची किंमत शून्य ठेवली तर तलवार, चिलखत, पातळ्या हा सगळा डोलारा शोभेचा ठरतो. किंमत जबर ठेवली, समजा निम्मी नाणी आणि आठ तास, तर खेळाडू लढाईआधी सेव्ह करतो, मुद्दाम हरतो, वाचतो आणि जुनी सेव्ह उघडतो. कापलेली नाणी कोणाच्याच खिशातून जात नाहीत. वाढतात फक्त क्लिक. ‘बॅड एंड’, म्हणजे खेळच संपवणारी हार, यात सगळ्यात वाईट, कारण पूर्वसूचना नसेल तर ज्याने सेव्ह केली नाही त्याचे चार तास पाण्यात जातात.

यावर टिकलेले उपाय थोडेच आहेत. लढाईत पहिल्या फेरीपासून शरण जाण्याचं बटण द्यायचं, म्हणजे वाचायला आलेल्याला दहा फेऱ्या मार खात बसावं लागत नाही. बॅड एंडच्या आधी, मागे फिरता येईल अशा जागी, स्पष्ट इशारा द्यायचा आणि संपल्यावर त्या जागेपासूनच पुन्हा सुरू करू द्यायचं. एकदा पाहिलेले प्रसंग वेगळ्या दालनात उघडे ठेवायचे. या तिसऱ्या उपायाला कडवे खेळाडू विरोध करतात, त्याने जगाचा भास मोडतो म्हणून. पण दालन नसलं की तेच लोक चाळीस सेव्ह बाळगून बसतात.

वासनेच्या पट्टीचा घोळ वेगळा. जीव पातळीबरोबर वाढत जातो आणि वासनेची मर्यादा मात्र १००. म्हणजे मोठ्या शत्रूला तलवारीचे तीस घाव लागतात, पण भुलवण्याचे चार डाव पुरतात; चिलखताचाही तिथे उपयोग नाही. म्हणून प्रत्येक शत्रूला वेगळा गुणक द्यावा लागतो: ०.५ म्हणजे भुलवण्याचा परिणाम निम्मा, ० म्हणजे काहीच नाही. शून्य सढळ हाताने वाटलं की भुलवण्यावर उभं केलेलं पात्र एका दारापाशी कायमचं अडकतं, आणि मग तक्रारींचा पाऊस.

नशिबावर सोडलेल्या भेटींची तक्रार तर दर खेळात आहे. एखादं पात्र भेटण्याची शक्यता १० टक्के ठेवली की लेखकाला वाटतं, दहा फेऱ्यांत भेटेल. सरासरी तीच, पण वीस फेऱ्यांनंतरही सुमारे १२ टक्के खेळाडूंना ते भेटलेलं नसतं, कारण ०.९ चा विसावा घात साधारण ०.१२ येतो. हे बारा टक्के ‘पात्र आहे तरी का’ असं विचारत येतात. इलाज सोपा आहे. दर हुकलेल्या फेरीला शक्यता ५ टक्क्यांनी वाढवायची, किंवा सगळ्या भेटी पत्त्यांसारख्या पिसून एकेक काढायच्या आणि संपल्यावर पुन्हा पिसायच्या. तरी नवे लेखक सरळ फासा टाकतात.

लेखकाला खरी दमछाक होते ती खेळाडूचं पात्र लक्षात ठेवताना. शरीराचे सहा गुण, प्रत्येकाच्या चार शक्यता धरल्या तर ४,०९६ जोड्या होतात. प्रत्येकीसाठी वेगळा परिच्छेद लिहिणं शक्य नाही, म्हणून वाक्यात खाचा ठेवून त्यात तुकडे भरतात. यात नेहमी बिघडतं ते असं: नवा गुण खेळात येतो, जुन्या शंभर प्रसंगांना त्याचा पत्ता नसतो, आणि शेपटी असलेलं पात्र खुर्चीला पाठ टेकून आरामात बसतं. किंवा पाचवी शक्यता येते आणि तिचा तुकडा लिहिलेलाच नसल्यामुळे वाक्यात मोकळी जागा, नाहीतर ‘अनडिफाइन्ड’ हा प्रोग्रामचा चुकीचा शब्द छापलं जातं. अनुभवी लेखक आधी कुठल्याही पात्राला लागू पडेल असं साधं वाक्य लिहितात, मग एका प्रसंगात दोन-तीनच गुणांना विशेष तुकडे देतात. पात्र पूर्ण मोकळं असावं की ठरलेलं, हा वाद वरवर आवडीचा वाटतो. खाली आहे तो हा हिशेब.

मराठीत असा खेळ लिहू पाहणाऱ्याला आणखी एक खर्च आहे. ‘तू आलास’ की ‘तू आलीस’, ‘थांबतोस’ की ‘थांबतेस’, हे इंग्रजीला सुचतही नाही. क्रियापदागणिक खाच ठेवायची नसेल तर ‘तू दार उघडलंस’, ‘तुला आवाज येतो’, ‘तू थांबशील’ अशा, पात्राचं लिंग न सांगणाऱ्या रचना शोधाव्या लागतात. नीट लिहिलं तर वाचणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

सेव्हचा प्रश्न फ्लॅशपासून आहे. फ्लॅश आपल्या नोंदी ब्राउझरच्या बाजूला ठेवी, एका संकेतस्थळाला न विचारता १०० किलोबाइट. सफाई करताना त्या नकळत उडत. ट्वाइनचे खेळ ब्राउझरच्या साठ्यात सेव्ह करतात, तिथे सहसा ५ मेगाबाइटांच्या आसपास मर्यादा. शुगरक्यूब या ट्वाइनच्या ढाच्यात मागे जाण्यासाठी प्रत्येक पावलाची स्थिती राखली जाते. हजारभर चल (खेळाने लक्षात ठेवलेल्या नोंदी) असलेल्या खेळात तोच इतिहास सेव्हमध्ये जाऊन बसतो आणि दोन-चार सेव्हनंतर जागा संपते. त्यामुळे इतिहास एकदोन पावलांवर आणतात आणि सेव्ह डिस्कवर फाइल म्हणून उतरवायची सोय देतात. यात हरण्याचा प्रश्नही परत येतो: मागे जायचा बाण ठेवला की धोका उरत नाही, काढला की चुकून झालेल्या क्लिकची शिक्षा होते. नव्या आवृत्तीत जुनी सेव्ह मोडू नये म्हणून तिच्यात आवृत्तीचा आकडा हवा, आणि उघडताना ३ वरून ४, ४ वरून ५ असं पायरीपायरीने नवे चल भरायला हवेत. पहिल्या दिवशी आकडा न टाकलेला खेळ वर्षभरात ‘नव्याने सुरू करा’ सांगू लागतो. ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा पाठिंबा थांबवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून ते चालणंच बंद केलं, तेव्हा अनेक खेळ जावास्क्रिप्टमध्ये हलवावे लागले.

या सगळ्याला पैशाची बाजू आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या पॅट्रिऑनने दरमहा वर्गणीची सोय केली आणि पुढे काय लिहायचं याचं मतदान वर्गणीदारांकडे गेलं. मतं सहसा नव्या पात्राला पडतात, जुन्या पात्राची अर्धवट गोष्ट पुरी करायला नाही. पाच वर्षं चाललेल्या खेळात पंचवीस दारं आणि आत दोन-दोन खोल्या दिसतात, त्याचं मोठं कारण हे.

२०१९ मध्ये आलेल्या ‘एआय डंजन’मध्ये मजकूर यंत्रच लिहू लागलं आणि ‘कोणतं वाक्य कोणापुढे’ हा प्रश्न लेखकाच्या हातून सुटला. एप्रिल २०२१ मध्ये अल्पवयीनांबाबतचा लैंगिक मजकूर अडवायला तिथे गाळणी बसवली गेली. अडवणं योग्यच होतं. त्याबद्दल कुठल्याही गंभीर खेळात दुमत नाही. पण गाळणी आकडे आणि शब्द पाहून चाले, त्यामुळे निरुपद्रवी वाक्यंही अडकत, आणि खासगी गोष्टी कर्मचारी वाचणार हे कळल्यावर खेळाडू जास्त भडकले.

आपल्याकडे ‘नुसता मजकूर आहे, चित्र कुठे आहे’ हा बचाव पुरत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६७ वं कलम इलेक्ट्रॉनिक स्वरूपातल्या कुठल्याही अश्लील साहित्याला लागू आहे. छापील मजकुरावरचा खटला तर मराठीतच झाला होता: ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या चंद्रकांत काकोडकरांच्या कथेवरून. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये त्यांना निर्दोष ठरवलं, तेही अख्खी कथा वाचून.

जुलै २०२५ मध्ये पेमेंट कंपन्यांच्या दबावाखाली स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानाने काही प्रकारच्या प्रौढ खेळांवर बंदी घातली, आणि इच.आयओ या दुसऱ्या दुकानाने २४ जुलैला सगळे प्रौढ खेळ शोधयादीतून काढून मग एकेक तपासायला घेतले. टॉगल हे उत्तर खेळाडूंनी आपापसात मान्य केलं होतं: नको असेल तर बंद ठेवा. पेमेंट कंपनीला मात्र खेळाडूने काय बंद ठेवलंय याच्याशी देणंघेणं नाही. फाइलमध्ये काय आहे आणि पानावर कोणते टॅग आहेत, तेवढं पुरतं. म्हणून आता वेगवेगळ्या दुकानांसाठी वेगळ्या फाइली बांधणं, वादग्रस्त प्रसंग मुख्य फाइलीतून काढून मॉड (खेळाला वरून जोडायची भर) म्हणून वेगळे देणं, असे मार्ग चर्चेत आहेत. त्यात अडचण तीच जुनी: मॉडसह केलेली सेव्ह मॉडशिवाय उघडली की त्या प्रसंगांचे चल सापडत नाहीत आणि खेळ पहिल्याच पानावर अडकतो.